तिकीट बंद करू का?

तापीकाठ विद्यापीठाच्या संगणक मदतकक्षात शिरल्या शिरल्या डाव्या भिंतीवर एक फलक लावलेला होता. मथळा होता 'नेहमी लागणारे शब्द'. खाली ओळीने अर्थ दिलेले. 'तिकीट: आपण नोंदवलेली अडचण.' 'लॉक: खाते तात्पुरते बंद.' 'रीसेट: नव्याने सुरुवात.' 'रोलबॅक: मागच्या चांगल्या स्थितीत परत जाणे.' मागच्या कुठल्याशा कुलगुरूंनी हौसेने तो लावून घेतला होता. मराठी विभागाने यातल्या प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द सुचवणारं लांबलचक टिपण पाठवलं होतं, ते अजून एखाद्या कपाटात पडलेलं असेल. फलक मात्र कुणी म्हणजे कुणी वाचत नसे. प्राध्यापक मंडळी मदतकक्षात यायची तीच मुळी तापलेली. "अहो मॅडम, ते बंद पडलंय!" काय बंद पडलंय, कधी, कशामुळे, ते समोरच्याने ओळखायचं. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणावं, तशातला प्रकार.

विशाखा बऱ्हाटे या मदतकक्षाची प्रमुख. जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून ती इथे लागली, ती इथलीच झाली. बाई हुशार, जिभेला जरा धार, आणि एका गोष्टीची तिला भारी चीड: उघडं तिकीट. कुलसचिवांकडे दर महिन्याला एकच गोष्ट कळवली जायची, किती तिकिटं उघडी राहिली. किती माणसांचं खरंच काम झालं, हे कुणी विचारत नसे. त्यामुळे मदतकक्षाला सवयच लागली होती. काहीतरी करा, चालू करून द्या, आणि समोरच्याने हुश्श केलं की लगेच विचारा: "तिकीट बंद करू का?"

हे तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की घरीसुद्धा सुटत नसे. नवरा म्हणाला, आमटी खारट झालीये, की ही म्हणायची, "बटाटा टाकलाय. बंद करू का तिकीट?" तो हसायचा. उल्हास बऱ्हाटे, गणिताचा प्राध्यापक. दोघं कॉलेजात एका वर्गात होती, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. सासूबाई समोर असल्या की तेवढं ती "अहो" म्हणे आणि उल्हास मागे वळून पाही, कुणाला हाक मारली म्हणून.

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं.

पासवर्ड नावाची पीडा विद्यापीठाने काही वर्षांपूर्वीच हद्दपार केली होती. लोक पासवर्ड विसरत, मुलांची नावं ठेवत, टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवत. त्याऐवजी आली 'ठसा' प्रणाली. ठसा बोटाचा नाही, बोटांच्या चालीचा. माणूस टाइप करतो तेव्हा प्रत्येक कळ तो काही क्षण दाबून ठेवतो, मग सोडतो, मग दुसरीकडे जातो. हे क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजले, तर दोन माणसांचे कधी जुळत नाहीत. कुणी 'क्ष'पाशी अडखळतो, कुणी स्वल्पविरामानंतर श्वास घेतो. ही चाल बोटांत नसते, मेंदूत असते, म्हणून ती चोरता येत नाही आणि कुणाला सांगताही येत नाही. तुम्ही आपलं काम करत बसायचं. यंत्र सतत बघत असतं, हा तोच माणूस आहे ना.

माणूस बदलतोच. वय होतं, बोट मोडतं, चष्मा लागतो. बदल हळूहळू झाला तर ठसा थोडा सरकतो आणि यंत्र तेवढं सांभाळून घेतं. फारच सरकला, की खातं लॉक. मग मदतकक्षाने माणूस समोर बसवायचा, ओळखपत्र बघायचं आणि त्याच्याकडून अर्धा तास टाइप करून घेऊन नवा ठसा बनवायचा. हा झाला रीसेट. जुना ठसा तळघरातल्या साठ्यात जातो आणि त्या दिवसापासून यंत्राच्या लेखी नवा माणूस हाच खरा माणूस.

करारात एक कलम होतं: 'ठशातील बदलाचा वैद्यकीय अर्थ काढू नये.' ते उगाच घातलेलं नव्हतं. काही आजार असे असतात की माणसाला, घरच्यांना, डॉक्टरांनाही चाहूल लागण्याआधी बोटांना लागते. मेंदूच्या तळाशी काही पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हालचालींच्या यंत्राला ते वंगणासारखं लागतं. त्या पेशी झिजायला लागल्या की बोट कळेवर जरा जास्त रेंगाळतं, कधी कमी, कधी जास्त. डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतं. पण यंत्राने सांगितलं म्हणून कुणाची नोकरी जाऊ नये, यासाठी ते कलम. कलम चांगलंच होतं. चांगल्या कलमाच्या आडही लपता येतं, एवढंच.

विशाखा लपली होती.

उल्हासचं खातं पहिल्यांदा लॉक झालं तेव्हा तिने त्याचा आलेख पाहिला. डाव्या हाताच्या कळांची चाल पार विस्कटलेली. तिने असे आलेख प्रशिक्षणात पाहिले होते, त्यांच्याखाली लिहिलेलं आजाराचं नावही वाचलेलं होतं. तिने पडद्यावरची ती खिडकी मिटली आणि म्हणाली, "थकलायस रे तू. झोप नीट घेत जा." मग रीसेट केला. विचारायचीही गरज नव्हती, पण तोंडातून निघून गेलं, "तिकीट बंद करू का?" तो म्हणाला, "कर."

त्यानंतर असं होतच राहिलं. यंत्र अडवायचं, ती रीसेट करायची. नियमाप्रमाणे अशा बदलावर दुसऱ्या कुणाची मान्यता लागे, पण मदतकक्षात एकमेकांच्या विनंतीवर डोळे मिटून ओके द्यायची रीत होती. तिकिटं बंद व्हायला हवीत ना! घरी गॅसवर वांगं भाजताना करपून कोळसा झालं, तरी शेजारी उभ्या उल्हासला वास आला नाही. त्याची डावी चप्पल फरशीवर घासत जायला लागली. विशाखाने त्याला बटणांच्या शर्टांऐवजी झब्बे आणायला सुरुवात केली, "तुला शोभतात" म्हणून. चहा ओतताना त्याच्यासाठी अर्धाच कप भरायला लागली, म्हणजे हिंदकळला तरी सांडणार नाही. तो काही बोलला नाही. तिनेही विषय काढला नाही. काढला असता तर तो खरा झाला असता.

*

प्रथम वर्षाच्या परीक्षेची सकाळ. चार जिल्ह्यांतली शंभरावर केंद्रं, मुलं बाकांवर बसलेली. प्रश्नपत्रिका आदल्या दिवशीच केंद्रांच्या संगणकांवर पोचलेल्या, पण कुलूपबंद. परीक्षा नियंत्रकाने आपल्या खोलीतल्या संगणकापुढे बसून यंत्र देईल तो उतारा टाइप करायचा, यंत्राने ठसा ओळखायचा, की सगळीकडची कुलपं एकदम उघडतात. हे अकराच्या आत झालं पाहिजे. नाही झालं तर पेपर आपोआप रद्द. मागच्या वर्षी असाच रद्द झाला होता. मुलांनी प्रशासकीय इमारतीच्या काचा फोडल्या, पुढचे प्रवेश हुकले, आणि तेव्हाच्या नियंत्रकांना घरी बसावं लागलं. ती काट्यांची खुर्ची मग उल्हासच्या नशिबी आली. उपनियंत्रक नव्हताच. पद रिकामं होतं आणि फाइल मंत्रालयात निवांत पडली होती.

परीक्षेच्या दिवशी मदतकक्षाचा फोन विशाखाच्या मोबाइलवर वळवलेला असे. ती पडद्यांपुढे उभी होती. रुबीना तडवी, तिची सहकारी, यावलकडची, बोलायला फटकळ आणि कामाला चोख, दुसऱ्या पडद्यापुढे बसली होती. साडेदहा वाजून गेले. कुलपं उघडली नव्हती.

"ताई," रुबीना एकदम उठून उभी राहिली. "लाल तिकीट!"

विशाखा तिच्या खांद्यावरून वाकली. तिची अटकळ होती की लॉक असेल. नेहमीचा, तिच्या ओळखीचा, पिवळा. पण हे लाल होतं. ठसा हळूहळू सरकला तर पिवळं येतं. एकदम उडी मारून बदलला, तर यंत्राला एकच अर्थ कळतो. पडद्यावर लिहिलं होतं: 'परीक्षा नियंत्रकांच्या खात्यावर परकी व्यक्ती. खोली बंद करण्यात आली आहे.'

"सरांच्या खुर्चीत दुसरंच कुणीतरी बसलंय," रुबीना कुजबुजली. "ताई, हा पेपरफुटीचा मामला असला तर? पोलिसांना कळवायचं का?"

"थांब. मी बघून येते. मी सांगेपर्यंत कुणालाही फोन करायचा नाही."

टॅब घेऊन ती निघाली ती जवळजवळ पळतच. डोक्यात नको नको ते यायला लागलं. सकाळी उल्हास म्हणाला होता, "आज मी एकटाच जातो, तू मागून ये." वर शीळ घालत बाहेर पडला होता. कित्येक महिन्यांत ती शीळ ऐकली नव्हती. म्हणजे याने कुणाला तरी गाठलं असणार. स्वतःच्या हाताचा भरवसा नाही, म्हणून दुसऱ्याला टाइप करायला बसवलं असणार. असं करणाऱ्याला आजकाल सरळ अटक होते, जामीनही लवकर मिळत नाही. अरे देवा, उल्हास, मला सांगायचंस ना रे! कँटीनपाशी कुणीतरी तिला हाक मारली, ती थांबली नाही.

नियंत्रकांच्या खोलीबाहेर रखवालदार गोंधळून उभा होता. "मॅडम, दार आपोआप लागलं. सर आत आहेत."

"आणखी कोण आहे?"

"कुणी नाही. सकाळपासून मी इथंच आहे. एकटेच आहेत सर."

तिच्या कार्डाने दार उघडलं. आत खरोखरच उल्हास एकटा होता. वैतागून तोच उतारा पुन्हा पुन्हा टाइप करत होता.

"काय ग हे तुझं यंत्र!" तो मान वर न करता म्हणाला. "आज काय मुहूर्त काढलाय का यानं? म्हणे परकी व्यक्ती! मी परका?"

विशाखा त्याच्या हातांकडे बघत होती. डावा हात कळांवरून सुळसुळ चालला होता. करंगळी उचलून बाजूला टेकवायची त्याची जुनी लकब, दोन शब्दांमधलं ते छोटंसं टकटक, सगळं तसंच. कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत ती शेजारी बसून जे बघत असे, तेच. तिचे डोळे भरून आले. बरा झाला, तिला वाटलं. देवा, माझा उल्हास बरा झाला!

आणि मग तिचं तिलाच कळलं.

तिने टॅबवर ताजा ठसा घेतला आणि शेवटच्या रीसेटच्या नोंदीशी ताडून पाहिला. जुळत नव्हता. तळघरातल्या साठ्यातून उल्हासचा सगळ्यात जुना ठसा काढला, प्रणाली आली त्या वर्षीचा, आजारापूर्वीचा. तंतोतंत जुळला.

"उल्हास, तू काय घेतलंयस?"

"काय म्हणजे?"

"उल्हास."

त्याची बोटं थांबली. क्षणभर त्याने पडद्याकडे पाहिलं, मग झब्ब्याच्या खिशातून एक चंदेरी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत काही नव्हतं.

"जिभेखाली ठेवायची पट्टी आहे. नवीन आलीये. विरघळली की पंधरा-वीस मिनिटांत हात मोकळा होतो. तासभर टिकते, फार तर दीड तास. नाशिकच्या डॉक्टरांनी दिली. म्हणाले, अगदी महत्त्वाचं काम असेल त्याच दिवशी घ्या."

"नाशिकला कधी गेलास तू?"

"अभ्यास मंडळाची बैठक म्हणून गेलो होतो बघ, दिवाळीनंतर. बैठक नव्हतीच."

तिला राग आला. असला राग, की टॅब त्याच्या अंगावर फेकावा. "मला सांगितलं नाहीस? इतके महिने? मी कोण लागते तुझी?"

"आणि तू?" तोही उसळला. "तू अर्धा कप चहा का ओततेस, हे मला कळत नाही असं वाटतं तुला? हे झब्बे? मी गणित शिकवतो विशाखा, एवढा हिशेब येतो मला. वाट बघत होतो तू विचारशील म्हणून. तू दर वेळी रीसेट केलंस आणि तिकीट बंद करू का म्हणालीस!"

बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली आणि दूर गेली. भिंतीवरचं घड्याळ पावणेअकराच्या पुढे सरकलं होतं. ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"ऐक. भांडण नंतर करू, पोटभर करू. आधी हे समजून घे. मी जितक्यांदा रीसेट केला, तितक्यांदा यंत्राने तुझा त्या दिवशीचा हात घेतला आणि आधीचा काढून टाकला. त्याला आता एवढंच ठाऊक आहे, की जो अडखळतो, रेंगाळतो, तो उल्हास बऱ्हाटे. आज तू तुझ्यासारखा आलास. म्हणून ते म्हणतंय, हा कोण परका?"

उल्हास तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे आजारी असलो तरच मी मी आहे. बरा झालो की नाही."

"मी शिकवलं त्याला तसं." ती म्हणाली. "मी शिकवलं रे."

"मग आता काय?"

विशाखाने डोळे पुसले. एवढं मात्र तिच्या हातातलं काम होतं. रीसेट करायचा तर अर्धा तास टाइप करावं लागणार, तेवढा वेळ नव्हता. पट्टीचा अंमल उतरेपर्यंत थांबावं, मग यंत्र त्या थरथरत्या हाताला मुकाट्याने आत घेईल, तर तोवर अकरा कधीच वाजून गेलेले असणार. उरला रोलबॅक. जुना ठसा पुन्हा बसवायचा. क्षणाचं काम. पण रोलबॅक केला की मधले सगळे रीसेट उघडे पडतात, एकाखाली एक, तिच्या नावासकट. अहवाल थेट कुलसचिवांकडे जातो. तिने नवऱ्यासाठी नियम मोडले, हे त्यात दिसणार. आणि उल्हासच्या हाताची सगळी घसरण आलेखात दिसणार, अख्खी, वाचणाऱ्याला वाचता येईल अशी. वैद्यकीय अर्थ काढू नये म्हणे! कुणाला न काढता येईल?

तिने हे सगळं त्याला सांगितलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "सर्व्हर डाऊन म्हण ना."

"काय?"

"सर्व्हर डाऊन होता, म्हणून सांग. पेपर रद्द होईल, पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ. यंत्रावर ढकलून दे. कोण विचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नसतं. मदतकक्षाची ती सगळ्यात जुनी छत्री होती. हे दोन शब्द उच्चारले की कुलगुरूसुद्धा मान डोलावून गप्प बसत. भिंतीवरच्या फलकावर पण होते ते. विशाखाला मोह झाला, खोटं कशाला बोला. चांगलाच झाला. दोघांच्या नोकऱ्या राहतील, घर राहील, आणि आज रात्री पुन्हा अर्धा कप चहा ओतता येईल.

पण समोरच्या खिडकीतून पलीकडची इमारत दिसत होती. तिथल्या वर्गात मुलं रिकाम्या पडद्यांपुढे बसली होती. एक मुलगी सारखी घड्याळाकडे आणि दाराकडे बघत होती. मागच्या वर्षीही कुणी अशीच बसली असणार, आणि मदतकक्षाने काय सांगितलं होतं त्यांना? सर्व्हर डाऊन.

"नाही," विशाखा म्हणाली. "आपल्या दोघांच्या भित्रेपणाची शिक्षा त्या पोरांना कशाला?"

"विशाखा, तुझी नोकरी..."

"माझं मी बघेन. तू हो म्हण. तुझं आयुष्य उघडं पडणार आहे, मी तुला न विचारता काही करणार नाही. यापुढे कधीच नाही. बोल."

त्याने डावा हात उचलून समोर धरला. स्थिर होता. तो त्याच्याकडे असा बघत होता, जसा निघालेल्या पाहुण्याकडे बघतो. "कर," तो म्हणाला. "हा आहे तोवर कर."

तिने रुबीनाला फोन लावला. "रुबीना, मी रोलबॅक टाकतेय. सरांच्या खात्यावर. तुझी मान्यता लागेल."

"टाका ताई, देते लगेच ओके."

"नाही. डोळे मिटून देऊ नकोस. वाच. सगळं वाच आणि मग दे."

पलीकडे कळा वाजण्याचा आवाज, मग तो थांबला.

"ताई," रुबीनाचा आवाज बदलला होता. "हे सगळे रीसेट तुम्ही केलेत."

"हो."

"आणि मी ओके दिलेत, न बघता. हा आलेख... ताई, सर..."

"हो. आणि आत्ता खुर्चीत तेच आहेत, दुसरं कुणी नाही. मी शेजारी बसलेय. तुला पटत नसेल तर देऊ नकोस, मी रागावणार नाही."

"पटायचं काय त्यात!" रुबीना एकदम खेकसली, आणि त्या खेकसण्यातच रडू होतं. "ओके दिलाय. तुमचं कारण लिहा आणि सोडा. पाचच मिनिटं आहेत, ताई!"

कारण स्वतः टाइप करावं लागे, तेही यंत्र बघत असताना. विशाखाने लिहायला सुरुवात केली. बोटं कापत होती. दुसऱ्याच ओळीला पडद्यावर पिवळं आलं: 'ही चाल विशाखा बऱ्हाटे यांची वाटत नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

"अरे, मेल्या!" ती किंचाळली. "माझ्यावर पण?"

उल्हासने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्याचे हात कोमट होते आणि अजून स्थिर होते. "श्वास घे," तो म्हणाला. "सावकाश. तू मदतकक्षाची बिलं टाइप करतेस तशी लिही."

तिने श्वास घेतला आणि लिहिलं: 'नियंत्रकांना आजार आहे. मला माहीत होतं. मी लपवलं. जुना ठसा खरा आहे.' यंत्राने मान्य केलं.

उतारा पुन्हा आला. कुठल्याशा धरणाविषयीचा रुक्ष परिच्छेद होता. उल्हासने खुर्ची पुढे ओढली आणि टाइप करायला लागला. विशाखा कळांकडे बघत होती, घड्याळाकडे बघायची हिंमत नव्हती. दुसऱ्या वाक्यात त्याची डावी तर्जनी एका कळेवर जराशी रेंगाळली. तो थांबला, बोटं झटकली, पुढे निघाला. शेवटचा पूर्णविराम पडला.

हिरवं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग समोरच्या इमारतीतल्या पडद्यांवर एकदम उजेड आला, आणि ती घड्याळाकडे बघणारी मुलगी खाली वाकून लिहायला लागली. तेवढ्यात अकराची घंटा झाली.

रुबीनाचा निरोप आला: 'सगळी केंद्रं उघडली. ताई, कुलसचिव मॅडमनी दोन वाजता बोलावलंय. तुम्हाला, सरांना, मलाही.'

विशाखाने तो वाचून दाखवला. उल्हास मागे टेकला. "चार्ज मीच सोडतो," तो म्हणाला. "शिकवायला मिळालं तर बघू. तुझी चौकशी होईल."

"होऊ दे. झालीच पाहिजे. आणि मी आणखी किती जणांचे असे रीसेट करून टाकले, तेही आज सांगणारे. तुझ्यासारखे असतील त्यात कुणी. त्यांच्या घरी कुणी अर्धा कप ओतत असेल."

दोघं बसून राहिले. बाहेर पेपर सुरू असतानाची शांतता होती. हळूहळू उल्हासचा डावा हात टेबलाच्या कडेवर हलायला लागला, आधी अंगठा, मग सगळीच बोटं. त्याने तो नेहमीच्या सवयीने खाली मांडीवर लपवायला नेला, आणि मधेच थांबून पुन्हा वर टेबलावर ठेवला, तिला दिसेल असा. थरथरू दिला. मग उजव्या हाताने त्याने टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि अंतर्गत क्रमांक फिरवला.

विशाखाच्या हातातला मोबाइल वाजला. पडद्यावर आलं: परीक्षा नियंत्रक.

तिने त्याच्याकडे पाहिलं. दोघांमध्ये एक टेबलसुद्धा पुरतं नव्हतं. तो रिसीव्हर कानाला लावून खिडकीबाहेर बघत होता. तिने फोन घेतला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने शब्द आपोआप बाहेर आले.

"नमस्कार, मदतकक्ष. विशाखा बऱ्हाटे बोलतेय. काय अडचण आहे?"

"मॅडम, मी उल्हास बऱ्हाटे," तो म्हणाला. घसा साफ केला. "मला पार्किन्सन झालाय. डावा हात ऐकत नाही. पाय जड झालाय. रात्री कूस वळता येत नाही, तेव्हा फार भीती वाटते. आणि हे मी अजून माझ्या बायकोला सांगितलेलं नाही."

विशाखाने फोन कानाशी घट्ट धरला आणि विचारलं, "का नाही सांगितलं, सर?"

"ती लगेच तिकीट बंद करते हो."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, ओठ घट्ट दाबून, परीक्षा चालू आहे म्हणून आवाज न करता. तो वाट बघत राहिला.

"नोंद केली," ती शेवटी म्हणाली. "हे तिकीट बंद होणार नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. उघडंच ठेवणारे मी. रोज बघू काय होतंय." तिने फोन खाली ठेवला, उठली आणि नाक पुसलं. "चल, दोन वाजेपर्यंत वेळ आहे. कँटीनला जाऊ, चहा घेऊ. पूर्ण कप."

"सांडेल ग."

"सांडू दे," विशाखा म्हणाली, आणि तिने त्याचा डावा हात धरला.